सिस्टर साळवेंचं वाळवंट

मार्था साळवे यांच्या घरचा फ्रिज वर्षातले चाळीस दिवस बंद असायचा, आणि ते चाळीस दिवस नेमके लातूरचं ऊन तापायला लागलं की यायचे. ईस्टरच्या आधीचे उपवासाचे दिवस. पहिल्या दिवशी त्या फ्रिज रिकामा करायच्या, आतून पुसायच्या, दार उघडं राहावं म्हणून त्यात एक फडकं अडकवायच्या आणि घरात शिकायला राहिलेल्या अकरा मुलींना ओरडून सांगायच्या, "आजपासून वाळवंट लागलं गं! पाणी माठातलं. अन्न रोजचं रोज. उद्याचं उद्या बघू."

मी त्या घरातली भाडेकरू. नांदेडहून लातूरला एका क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवायला आले होते आणि गच्चीवरच्या खोलीत राहत होते. फ्रिज बंद ठेवून देव कसा भेटतो हे मला तेव्हाही कळलं नाही आणि आजही कळलेलं नाही. पण त्या फ्रिजमध्ये माझं दही असायचं, म्हणून पहिल्या वर्षी मी रीतसर भांडले. म्हटलं, "सिस्टर, तुमचं वाळवंट तुमच्यापुरतं ठेवा ना. माझ्या दह्यानं काय पाप केलंय?"

"आंबायच्या आधी खाऊन टाक," त्या म्हणाल्या. "ठेवायचं कामून? वाळवंटात ठेवता येत न्हाई, एवढंच तर हाय त्यात."

मी रागारागानं सगळं दही तिथंच उभ्यानं खाल्लं. नंतर दोन दिवस घसा धरला होता.

सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून सगळी नोकरी केल्यामुळे त्यांना सगळं गाव 'सिस्टर'च म्हणायचं. मूळच्या अहमदपूरच्या. नवरा गेला, निवृत्ती झाली, आणि त्यांनी घराच्या वरच्या खोल्या मेडिकलच्या परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलींना देऊन टाकल्या. बारीक चणीच्या, साडीखाली पांढरे कॅनव्हासचे बूट, आणि खांद्यावर पिनेनं लावलेलं उलटं घड्याळ. या बाईला बसता यायचं नाही. बसता यायचं नाही म्हणजे गुडघे दुखायचे म्हणून नाही, जमायचंच नाही. भाकरी उभ्यानं थापायच्या, उभ्यानं खायच्या. शास्त्र, म्हणजे बायबल, वाचायचं तेही गच्चीवर येरझारा घालत, एक बोट ओळीवर ठेवून. माझ्या खोलीबाहेर पहाटेपासून त्यांचे बूट चर्र-चर्र वाजायचे. चर्चमध्ये शेवटच्या बाकाचं टोक त्यांचं, कारण उपदेश चालू असताना त्यांना दोनदा तरी बाहेर जाऊन यावं लागायचं. विचारलं तर म्हणायच्या, "बापानं नावच मार्था ठेवलं, मी काय करू? शास्त्रातली मार्था तरी कुटं बसली? साक्षात प्रभू घरी आला तरी ही आपली सैपाकघरात."

बसता न येण्याचं आणखी एक कारण होतं, आणि ते त्या घरातल्या सगळ्यांना माहीत होतं. त्यांचा एकुलता एक मुलगा आमोस नऊ वर्षांपूर्वी घर सोडून गेला होता. नांदेडला मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवायचा. लातूरला कधीच यायचा नाही. फक्त नाताळच्या सकाळी त्याचा फोन यायचा. त्या दिवशी सिस्टर उजाडल्यापासून फोन हातात धरून जिना चढायच्या, उतरायच्या. फोन आला की उभ्या जागी थिजायच्या. "बरा हाय का? हाव. मी बरी हाय. जेवण वेळेवर करत जा." संपलं. मग दिवसभर शंभरेक करंज्या. तो एकदा दारात यावा, यापलीकडे त्या बाईला आयुष्याकडून काही नको होतं. तो का गेला हे मात्र कुणी विचारायचं नाही.

घरातल्या मुली बहुतेक रिपीटर. म्हणजे एकदा परीक्षा देऊन झालेली, मार्क कमी पडलेले, आता वर्षभर पुन्हा तोच अभ्यास. मैत्रिणी कॉलेजात गेलेल्या, ह्या मात्र अजून त्याच पुस्तकाच्या त्याच पानावर. मी वर्गात अशा मुलींना वेळापत्रक द्यायचे. सिस्टर त्यांना वाळवंट द्यायच्या. रविवारी टेस्ट देऊन, चेहरे पाडून मुली ओळीनं जेवायला बसल्या की तव्यावरची भाकरी उलटत त्या सुरू व्हायच्या.

"मिसर देशात गुलाम व्हते ते लोक. सुटले. देवानं सांगितलं, तुम्हाला चांगला मुलूख देतो. मधी वाळवंट. रस्ता किती दिवसांचा व्हता? अकरा दिवसांचा! अन् लागली किती? चाळीस वर्षं. तुमचं एक वर्ष गेलं तर नाकातून पाणी काढून राहिल्या. अन् ते लोक वाळवंटात काय म्हणत व्हते ठाऊक हाय का? चला परत गुलामीत, तिथं निदान कांदा-काकडी तरी भेटत व्हती."

मुली हसायच्या. मीही हसायचे, पण मनात म्हणायचे, पालक चाळीस वर्षं फी भरणार नाहीत.

त्यांचा दुसरा आवडता भाग म्हणजे आकाशातून पडणारा मान्ना. त्या भटक्या लोकांना देव रोज सकाळी खायला द्यायचा. पण ते त्या दिवसापुरतंच. कुणी उद्यासाठी लपवून ठेवलं की त्यात किडे पडायचे. म्हणून सिस्टरांच्या घरात, चाळीस दिवस असोत नसोत, शिळं काही राहायचं नाही. उरलेली भाकरी सांजच्याला गल्लीत वाटली जायची. शेतकऱ्यांच्या घरच्या मुली या, सकाळी दह्याबरोबर शिळी भाकरी खाऊन वाढलेल्या. त्यांना हे थेर वाटायचे. चाकूरच्या एका मुलीला घरून डिंकाचे लाडू आले. तिनं ते कुणाला न दाखवता पेटीत कपड्यांखाली लपवले. आठ दिवसांनी त्या पेटीतून मुंग्यांची रांग निघाली ती थेट सिस्टरांच्या सैपाकघरापर्यंत. सिस्टरांना इतका आनंद झालेला मी क्वचित पाहिला. पेटी सगळ्यांसमोर उघडली आणि म्हणाल्या, "बघा! शास्त्र खोटं बोलत न्हाई!" मुलगी रडायला लागली तशा स्वतः मुंग्या झटकून दोन लाडू खाल्ले, एक माझ्या हातावर ठेवला.

त्याच मुलीचे वडील महिन्याभरानं आले. माणूस सभ्य, पण मनात काहीतरी घोळत होतं. चहा पिऊन झाल्यावर चाचरत म्हणाले, "सिस्टर, रागावू नका. पण पोरींला ते... तुमचं काई शिकवीत तर न्हाई ना?"

"शिकवते ना," सिस्टर म्हणाल्या. "कपडे पिळून वाळत घालायला शिकवते. चार महिने झाले, तुमच्या पोरीला अजून येईना."

गृहस्थ मोठ्यानं हसले आणि पुढच्या वर्षी धाकटीलाही घेऊन आले.

सिस्टरांनी वाळवंट कधी पाहिलेलं नव्हतं. मी एकदा फोनवर त्यांना त्या मुलखाचे फोटो शोधून दाखवले, जिथं येशू चाळीस दिवस उपाशी राहिला म्हणतात. त्यांनी चष्मा वर-खाली केला. "हे? इथं तर निस्ते दगड हायत. मला वाटलं वाळू असंल." मग फोन घेऊन गच्चीवर दोन फेऱ्या मारून आल्या. म्हणाल्या, "बरोबर हाय. म्हणूनच सैतान म्हणाला, ह्या दगडांच्या भाकरी कर. त्याला लांबून काई आणायची गरज नसते गं. समोर पडलेलं असतं तेच दाखवतो. उपाशी माणसाला दगड गोल दिसायला लागतो." दिवसभर त्यांच्या डोक्यात तेच घोळत राहिलं. बूट वाजत राहिले. मीही त्या दिवशी पेपर तपासताना चारदा उठले. अस्वस्थ माणसाच्या घरात राहिलं की आपणही नीट बसत नाही, हे मला लातूरला कळलं.

पण एक गोष्ट त्या नेहमी अर्धी सोडायच्या. एलियाची. एलिया देवाचा माणूस, राणी जिवावर उठली म्हणून वाळवंटात पळाला, दिवसभर चालला, एका झुडपाखाली बसला आणि म्हणाला, देवा, आता पुरे, माझा जीव घे. इथपर्यंत सांगून झालं की सिस्टरांना काहीतरी आठवायचंच. गॅस बंद करायचा राहिला, दूधवाला आला. तव्यावर भाकरी तशीच टाकून त्या निघून जायच्या. मुली विचारायच्या, "मग पुढं काय झालं?" तर आतून उत्तर यायचं, "जेवा गुमान."

तिसऱ्या वर्षीच्या जूनमध्ये निकाल लागला. मुली एकेक करून गावी गेल्या होत्या. राहिली होती सविता. हिमायतनगरची, दुसऱ्यांदा रिपीट केलेली. एका शब्दाचं उत्तर दोन शब्दांत न देणारी मुलगी. दुपारी फोनवर निकाल पाहिला, फोन उशाला ठेवला आणि भिंतीकडे तोंड करून पडली. मी गेले तर म्हणाली, "मॅडम, बस झालं. आता मला काहीच नको. मीच नको."

मी घाबरले. मी घाबरले की बोलायला लागते. डेंटल आहे, आयुर्वेद आहे, नर्सिंग आहे, नाहीतर बीएस्सी कर, असं म्हणत मी चक्क वही काढून त्यात रकाने आखायला घेतले. सिस्टर दारात आल्या. त्यांनी एकदा सविताकडे पाहिलं, एकदा माझ्या वहीकडे. "तू वर जा," त्या म्हणाल्या. "वही घेऊन जा."

मला त्यांचा भयंकर राग आला. पण जिन्यात थांबून मी सगळं ऐकलं, पाहिलं. त्यांनी आधी ओळखीच्या डॉक्टरांना फोन लावला, ज्यांच्या हाताखाली त्यांनी कैक वर्षं काढली होती. मग सविताच्या वडिलांना: "निघा लगेच. अन् आल्यावर तिला एक शब्द विचारू नका. निस्तं शेजारी बसा." मग ज्वारीची गरम भाकरी केली, वर तेल-तिखट, तांब्याभर पाणी. सविताच्या खांद्याला हात लावून म्हणाल्या, "ऊठ माय. चार घास खा." धीर दिला नाही, समजूत घातली नाही, चाळीस वर्षांचं नाव काढलं नाही. अर्धी भाकरी खाऊन ती झोपली. आणि सिस्टर तिच्या दारात, उंबऱ्यावर, चौकटीला पाठ टेकून बसल्या.

तीन वर्षांत मी त्यांना पहिल्यांदा बसलेलं पाहत होते.

संध्याकाळी डॉक्टर आले, सविताशी अर्धा तास बोलले, दुसऱ्या दिवशी पुन्हा येतो म्हणाले. सिस्टर उंबऱ्यावरच होत्या. ती जागी झाली की पुन्हा भाकरी, पुन्हा पाणी, पुन्हा झोप. दुसऱ्या दिवशी सकाळी तिसऱ्यांदा भाकरी पुढे ठेवली तेव्हा सविता म्हणाली, "लोणचं हाय का?" सिस्टर लोणच्याची बरणी आणायला उठल्या आणि सैपाकघरात बरणी छातीशी धरून रडल्या. दुपारी वडील आले. सांगितल्याप्रमाणे काही न विचारता तिच्याशेजारी बसले. तो माणूस पागोट्याचं टोक बोटाला गुंडाळत नुसता बसून होता आणि सविता हळूहळू त्याच्याकडे सरकली. डॉक्टरांनी पुन्हा कधी दाखवायचं ते सांगितलं, आणि दोघं गावी गेले.

घर रिकामं झालं. सिस्टर पुन्हा गच्चीवर चालायला लागल्या. मी समोर जाऊन उभी राहिले. "एलियाचं पुढं काय झालं?"

त्या थांबल्या नाहीत. चालता चालताच बोलल्या. "देवदूत आला. तू मोठा माणूस, तुला असं शोभतं का, असं काई म्हणाला न्हाई. भाकर दिली, पाणी दिलं. एलिया जेवून झोपला. त्यानं पुन्हा उठवलं, पुन्हा खाऊ घातलं. म्हणाला, खाऊन घे, रस्ता लई लांब हाय. तू कमजोर हायस, असं न्हाई म्हणाला गं. रस्ता लांब हाय म्हणाला."

मग आमोसचं सांगितलं. तोही रिपीटर होता. वडील नुकतेच गेलेले, अभ्यासात लक्ष लागेना. सिस्टरांनी ठरवलं, याला वाळवंट पाहिजे. त्या गुलामांना सोडवणारा मोशे वाळवंटात घडला, येशू चाळीस दिवस राहिला, मग माझा पोरगा का नाही? अहमदपूरच्या बाहेर माळावर त्यांच्या सासऱ्यांचं घर रिकामं पडलं होतं. तिथं त्याला पुस्तकांसकट ठेवला. फोन काढून घेतला. एक वेळचं जेवण. दर चार दिवसांनी त्या दुपारच्या एसटीनं चार दिवस पुरेल एवढा डबा घेऊन जायच्या. तेविसाव्या दिवशी गेल्या तर तो अंगणात बसलेला. दाढी वाढलेली. म्हणाला, आई, बस झालं. मला घरी घेऊन चल.

"अन् मी काय केलं सांगू? उपदेश केला. अर्धा तास. सतरा दिवस राहिले फक्त, म्हणाले. त्याच्यापुढं डबा ठेवला अन् परतीच्या गाडीनं निघून आले. पुढच्या खेपेला गेले तर दाराला कडी. डबा तसाच व्हता."

त्यांचे बूट थांबले. "मी त्याला वाळवंटात नेलं, पण देवदूत व्हायचं इसरले."

मला रडू यायला हवं होतं. पण मी चिडले. माझा स्वभावच तसा. "मग नऊ वर्षं इथं गच्चीवर कशाला चालताय? नांदेड अकरा दिवसांच्या रस्त्यावर नाही, सिस्टर. साडेतीन तास लागतात."

"कोणत्या तोंडानं जाऊ?"

"जे आहे त्याच."

मी तशीही नोकरी सोडून नांदेडला परत चालले होते. म्हटलं, माझ्यासोबत चला, सामान उचलायला मदत होईल. सामान म्हणजे दोन बॅगा होत्या. चौथ्या दिवशी सकाळी त्या घराला कुलूप लावून स्टँडवर आल्या. जागा मिळाली तरी चाकूरपर्यंत दांडा धरून उभ्याच. तोंडानं काहीतरी पुटपुटणं चालू. मुलाला काय म्हणायचं त्याची उजळणी असावी.

अहमदपूरला गाडी दहा मिनिटं थांबली. सिस्टर खाली उतरल्या. स्टँडच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेल्या, परत आल्या, परत गेल्या. त्या माळाकडे जाणारा रस्ता तिथून दिसतो. कंडक्टरनं घंटी मारली तेव्हा त्या लांबच्या टोकाला होत्या. मी दारात लोंबकळत हाका मारल्या. त्यांनी तिथूनच हात हलवला, तुम्ही जा म्हणून. उतरावं की बसावं कळेना. कंडक्टर वैतागून ओरडला, "मावशी, येताव का राहताव? एक काय ते सांगा!"

त्या पळत आल्या. कॅनव्हासचे बूट फटफट वाजवत, पदर खोचून, साठी उलटलेली बाई पळत आली आणि माझ्या हाताला धरून वर चढली. लोह्यापर्यंत त्यांनी माझा हात सोडला नाही.

दुकान नांदेडच्या एका गजबजलेल्या रस्त्यावर होतं. काउंटर, त्यामागे डोळ्याला भिंग लावून वाकलेला तिशीच्या आतबाहेरचा माणूस, पुढे दोन गिऱ्हाइकं. मी रस्त्याच्या अलीकडे, झेरॉक्सच्या दुकानाच्या पायरीवर बॅगा ठेवून उभी राहिले. सिस्टर पलीकडे गेल्या आणि त्या दोघांच्या मागे, दवाखान्यातल्या पेशंटसारख्या, नंबर लावून उभ्या राहिल्या. मला ओरडावंसं वाटलं, अहो, आई आहात त्याची! एक गिऱ्हाईक गेलं. दुसरं घासाघीस करत होतं. आमोसनं भिंग काढून मान वर केली, आणि तो तसाच राहिला.

सिस्टरांनी वाटभर घोकलेलं काहीच म्हटलं नाही. रहदारीतूनही मला ऐकू आलं, कारण त्या ओरडल्याच. "आमोस, त्या दिवशी तुला घेऊन यायला पाह्यजे व्हतं मी! निस्ता डबा ठेवून आले रे."

घासाघीस करणारा माणूस वळून बघायला लागला. आमोसनं त्याचा उघडलेला फोन एका पिशवीत घातला, त्याच्या हातात दिला आणि काहीतरी सांगून त्याला वाटेला लावलं. मग तो काउंटरला वळसा घालून बाहेर आला. मला वाटलं, आता हा निघून जाणार. त्यानं आईच्या कोपराला धरून तिला आत घेतलं, आणि शटर अर्ध्यावर ओढलं.

सिस्टर आता नाहीत. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्या अर्ध्या शटरखाली, आणि तेही फक्त पाय. पांढरे बूट आणि समोर एक चपलांचा जोड, इतके जवळ की मधे फरशी दिसत नव्हती. किती वेळ ते कुणाला ठाऊक. मला घरी जायचं होतं, ऊन डोक्यावर आलं होतं, पण माझा पाय निघेना.

एक बाई चार्जर घेऊन आल्या. शटरकडे वाकून पाहायला लागल्या तशी मी रस्ता ओलांडून धावले.

"बंद आहे का हो?" त्यांनी विचारलं.

"हो," मी म्हटलं. "आज बंद आहे. उद्या या."